उजेडात आलेला हात

अटाराचं दार दिवसाही बंद असे. हेब्रोनच्या वाटेवरच्या आमच्या डोंगरी गावात दारं सूर्य मावळल्यावर लावतात. दिवसा दार बंद दिसलं तर घरात कुणीतरी गेलंय किंवा नवराबायकोचं वाजलंय असं लोक समजतात. पाणवठ्यावर बायका तिला छेडायच्या, "काय गं, दाराला दूध पाजून आलीस का? निजलं का ते?" अटारा हसायची नाही. घडा भरून सगळ्यांच्या आधी घरी निघायची.

तिची भीती कुठून आली हे गावाला माहीत होतं. ती लहान असताना तिच्या माहेरची मागची भिंत चोरांनी फोडली. आमच्याकडे चोर दाराच्या वाटेला जात नाहीत; मातीच्या विटा उकरणं सोपं असतं. भगदाडातून आत शिरलेल्या माणसाच्या डोक्यात तिच्या बापानं जात्याचा दगड घातला. माणूस जागीच मेला. अंधारात शिरलेला चोर मारला तर दोष नाही, पण सूर्य उगवल्यावर मारला तर तो खून, असा आमचा कायदा आहे. मेलेल्याच्या भावांनी शपथेवर सांगितलं की उजाडलं होतं. बाप म्हणत होता की नव्हतं. भगदाडातून उजेड येत होता की नाही हे अटारानं पाहिलं होतं, पण एवढ्याशा मुलीला कुणी विचारलं नाही. बाप हेब्रोनला, आश्रयाच्या नगरात पळाला; तिथं शिरलेल्या माणसाला सूड घेणारे हात लावू शकत नाहीत. मेलेल्याचे भाऊ त्या नगराच्या वेशीबाहेर वाट पाहत बसायचे. तो कधीच परतला नाही.

लग्न होऊन ती आमच्या गावात आली, तेव्हा नवऱ्याकडे तिनं एकच हट्ट धरला. चांगलं दार हवं. नवरा शामीर शांत स्वभावाचा. त्यानं मिब्साम सुताराकडून जाड फळ्यांचं दार आणि कुलूप करून घेतलं. आतून अडसर सरकवला की वरच्या ठोकळ्यातल्या खुंट्या त्याच्या भोकांत पडत आणि अडसर जागचा हलत नसे. बाहेरून उघडायचं तर दारातल्या भोकातून कोपरापर्यंत हात आत घालायचा आणि किल्लीच्या लाकडी दातांनी खुंट्या वर उचलायच्या. हातभर लांबीची ती किल्ली शामीर खांद्यावर टाकून रानात न्यायचा. अटारा घरात असली तरी न्यायचा, कारण ती कुणाच्या हाकेवर दार उघडत नसे. नवऱ्याच्याही नाही. आवाज कुणीही काढू शकतो, असं ती म्हणे.

त्या वर्षी जैतुनाची फळं काठीनं पाडायची झोडपणी सुरू झाली तेव्हा तिची मुलगी तिर्सा तापानं पडली होती. उंटवाले व्यापारी एकटीदुकटी मुलं उचलून मिसर देशाच्या बाजारात विकतात, अशी बातमी खालच्या गावांतून आली होती. सगळा गाव जैतुनाच्या मळ्यांत गेला. अटारा मुलीपाशी राहिली.

दुपारच्या आधी दाराबाहेर पावलं वाजली. हाक आली नाही. भोकातून एक हात आत आला.

हात शामीरचा नव्हता. काळपट, केसाळ, अंगठ्याचं नख फुटलेला. त्या हातात किल्ली होती. ती खुंट्यांखाली गेली आणि खुंट्या वर उचलल्या गेल्या.

हे कुलूप उघडणारी किल्ली जगात एकच, आणि ती शामीरच्या खांद्यावर. म्हणजे शामीरला मळ्याच्या वाटेवर गाठलं, मारलं, आणि आता हे उंटवाले मुलीसाठी आले. अटाराच्या मनात एवढंच आलं. तिनं जात्याचा वरचा दगड दोन्ही हातांनी उचलला. हाताच्या कडेनं, भोकातून, उजेडाची तिरीप आत येत होती. ती तिनं पाहिली आणि दगड खाली ठेवला. दाराशी शेळी बांधायचा दोर पडला होता. त्याचा फास मनगटात टाकून तिनं जोरात ओढला आणि दुसरं टोक घराच्या मेढीला, मधल्या खांबाला, गुंडाळून गाठीवर गाठ मारली.

बाहेर माणूस किंचाळला. किल्ली खाली पडली.

"कोण आहे आत? अगं आई गं! सोड!"

"माझा नवरा कुठंय?" अटारा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

"कुणाचा नवरा? बाई, मी हेलेब. अहीराचा गडी. मालकानं भाकर बुडवायच्या आंबट सिरक्याचा घडा आणायला धाडलंय."

"अहीराचं घर पलीकडं आहे."

"मग चुकलो! चार दिवस झाले गावात येऊन, सगळी दारं सारखीच दिसतात. सोड की!"

"आणि अहीराची किल्ली माझ्या दाराला कशी लागली?"

"ते मला काय ठाऊक? लागली खरी."

यापुढे तो जे बोलला त्याचा उपयोग नव्हता. किल्ली मालकाची आहे, असं तो शपथेवर सांगत राहिला आणि प्रत्येक शपथेबरोबर अटाराची खात्री वाढत गेली. त्यानं ओरडून माणसं बोलावली. गावात माणसं नव्हती. मग शिव्या दिल्या. मग विनवण्या.

तिर्सा जागी झाली. "आई, कोण आहे?"

"कुणी नाही. नीज."

"मी आहे, पोरी," बाहेरून आवाज आला. "तुझ्या आईला सांग, दोर सैल कर."

"तिच्याशी बोलू नको!" अटारा ओरडली. "याद राख, एक शब्द बोललास तर!"

"तर काय करशील? दुसरा हातही बांधशील? घे, तोही घालतो आत."

दुपार कलली. दारावर ऊन आलं. हात सुजला, बोटं जांभळी झाली. बाहेरचं बोलणं थांबलं तेव्हा अटाराला पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. हा दाराशीच मेला तर? दिवसाउजेडी, तिच्या दोरानं? तिनं एका बोटाला हात लावून पाहिला. गार होतं. गाठ सोडायला गेली, तर ती आवळून दगड झाली होती. घरात सुरी होती, पण दोर कापला की हात सुटणार, आणि हात सुटला की किल्लीशिवायही दार फोडता येईल. ती सुरी घेऊन मेढीपाशी बसून राहिली. ना कापलं, ना उठली.

माणसं परतली तेव्हा सर्वांत पुढे शामीर होता. किल्ली त्याच्या खांद्यावर होती.

"अटारा! मी आहे गं. दोर काप."

"किल्ली घाल आधी."

त्यानं कशीबशी हेलेबच्या हातावरून किल्ली आत घालून दाखवली. तेव्हा कुठे तिनं दोर कापला. हेलेब उंबऱ्यावर कोसळला.

अहीरानं डोक्याला हात लावला. "अरे, हा माझा गडी! घडा आणायला धाडला तर हा इथं अडकून बसलाय. पण माझी किल्ली तुझ्या दाराला लागलीच कशी रे, शामीर?"

त्या संध्याकाळी गावात प्रत्येकानं आपली किल्ली दुसऱ्याच्या दारात घालून पाहिली. बहुतेक सगळी दारं उघडली. मिब्सामला ओढून आणलं.

"साचा एकच आहे माझ्याकडं," तो म्हणाला. "एवढी वर्षं कुणी तक्रार केली नाही. दुसऱ्याच्या दारात हात घालायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

त्या रात्री गावात बऱ्याच घरांनी दारामागे जाती सरकवून ठेवली.

सकाळी वेशीत वडीलमंडळी निवाड्याला बसली. अटारा त्यांच्यासमोर उभी राहिली. वेशीत बसलेली माणसं काय करू शकतात हे तिला बापाच्या वेळेपासून ठाऊक होतं. हेलेबचा हात तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळलेला होता. बोटं हलत होती, पण काठी धरता येत नव्हती.

"तू त्याला मारलं का नाहीस?" सर्वांत वयस्कर माणसानं विचारलं.

"उजेड होता," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं मान डोलावली. निकाल लहान होता. बाईचा हेतू वाईट नव्हता, गड्याचाही नव्हता. पण त्याचा हात बरा होईपर्यंत अहीराच्या मळ्यात त्याचं काम अटाराच्या घरानं करायचं. शामीरला आपली झाडं सोडता येत नव्हती. म्हणजे अटारानं जायचं.

"आणि मुलगी?" ती म्हणाली.

"दार लावून घे," कुणीतरी मागून म्हणालं आणि दोघंतिघं हसले.

ती मुलीला पाठीवर घेऊन मळ्यात गेली. तिर्साला झग्यात गुंडाळून झाडाखाली ठेवलं. तिच्याजवळ बसायला माणूस हवं होतं, आणि मळ्यात रिकामा माणूस एकच होता. हेलेब येऊन मुलीपासून थोड्या अंतरावर बसला, फडक्यातला हात मांडीवर धरून.

"दोर नाही आणलास ना आज?" त्यानं विचारलं.

अटारानं त्याची काठी उचलली आणि फांदीवर मारली. जैतुनं चादरीवर पडली. तिनं मान वळवून झाडाखाली पाहिलं. पुन्हा काठी मारली, पुन्हा पाहिलं. दिवसभर ती तसंच करत होती. शेजारच्या बायकांच्या निम्मंही काम तिच्याकडून झालं नाही, असं अहीरानं संध्याकाळी शामीरला सांगितलं. शामीर म्हणाला, उद्याही तेवढंच होईल.