उजेडात धरलेली बाटली

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादर पिळणं. धुण्याचं मशीन बंद पडलं होतं, म्हणून सुमनने ती हातानेच धुतली आणि मला अंगणात हाक मारली. एक टोक तिच्याकडे, एक माझ्याकडे. मी जोर लावला तर चादर आणखीच सैल झाली. "अहो, माझा पीळ उलगडताय तुम्ही. जन्मभर लेथ चालवली अन् चादर पिळता येईना." मी म्हणालो, लेथवर दुसऱ्या टोकाला कोणी बोलणारं नसतं. ती हसली. चादर दोरीवर टाकली, जेवलो, आणि दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या ती गेली. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले. चादर वाळून कडक झाली होती, ती शेजारच्या मिश्रा भाभींनी काढली. याला आता काही आठवडे झाले.

माझी पत्नी आमच्या कारखान्याच्या दवाखान्यात सिस्टर होती, नवजात बाळांच्या खोलीत. भोपाळच्या टाउनशिपमध्ये तिला सगळे सुमनसिस्टर म्हणायचे. मी चिडलो की मीही सिस्टर म्हणायचो. ती नागपूरहून नर्सिंग शिकून आलेली, मी सातवी शिकलेला टर्नर. घरात तिने हे कधी काढलं नाही, पण दवाखान्यात ती काय करते हे मला बरीच वर्षं ठाऊकही नव्हतं. बाळं पुसत असेल, दुपटी बदलत असेल, असंच मी धरून चाललो होतो. ते कळलं आमच्या नातीच्या वेळी.

आमची मुलगी वंदना बाळंतपणाला माहेरी आली होती. जावई दूर वीजकेंद्रावर. दिवस भरायच्या कितीतरी आधीच पोर झाली. एवढीशी… माझ्या तळहातावर मावली असती आणि बोटं मोकळी राहिली असती. सुमनला कोणी म्हणालं, घरचं मूल आहे, दुसऱ्या सिस्टरला बघू दे. ती म्हणाली, "माझा हात थरथरला तर मला काढा." तिचा हात थरथरला नाही.

दोन-तीन दिवसांनी डॉक्टर वंदनाला म्हणाले, बाळाला शिरेतून फॅट द्यावं लागेल. मी शिफ्ट संपवून तसाच कारखान्याच्या कपड्यांत तिथे पोचलो होतो. टेबलावर बाटली होती, पांढरीशुभ्र. बघणारे नातेवाईक म्हणत होते, अरे वा, दूध चढवणार. मी मात्र धास्तावलो. कारण ते मी रोज बघत होतो. लेथवर लोखंड कापताना ते थंड राहावं म्हणून वरून एक पांढरं पाणी सोडतात. पाण्यात तेल घोटलेलं असतं, म्हणून ते पांढरं दिसतं. शॉपमध्ये आम्हीही त्याला दूधच म्हणायचो. "दूध खोल बे," असं ओरडायचो. आणि रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी टाकी उघडली की ते फाटलेलं असायचं, वर तेलाचा थर आणि नाकाला रुमाल लावावा असा वास. मी विचारलं, "हे तेल आहे का?" डॉक्टर म्हणाले, हो, सोयाबीनचं. संपलंच माझ्या दृष्टीने. मी वंदनाला सांगितलं, "हो म्हणू नकोस. हे फाटतं. रक्तात फाटलं तर पोर जाईल." ती बिचारी पलंगावर पडलेली, डोळे सुजलेले. म्हणाली, "बाबा म्हणतील तसं."

डॉक्टरांनी सुमनकडे पाहिलं. सुमनने चारचौघांत वाद घातला नाही. माझं मनगट धरून तिने मला बेसिनवर नेलं आणि ब्रशने माझे हात कोपरापर्यंत घासले. काळं निघता निघेना. "किती वर्षांचं साठवलंय हो?" एवढंच म्हणाली. मला झगा घातला, टोपी घातली आणि काचेच्या ऊबदार पेटीपाशी उभं केलं.

"हात लावू नका. नुसतं बघा."

मी बघितलं. कातडीखालून शिरा दिसत होत्या, निळ्या दोऱ्यासारख्या. गाल नाही, मांडी नाही.

"शेवटच्या महिन्यांत मूल आईच्या पोटात चरबी साठवतं," ती म्हणाली. "ही शिदोरी न घेताच निघाली."

"मग दूध पाजा ना."

"आतडी अजून तयार नाहीत. नळीने थेंब थेंब देतो, तेवढंच झेपतं. साखरेचं पाणी चालू आहे, पण नुसत्या साखरेवर मेंदू वाढत नाही."

"आणि फाटलं तर?"

"तुमच्या तेलाला पाण्यात कोण धरून ठेवतं?"

"साबणासारखं काहीतरी असतं त्यात."

"यात अंड्याचा बलक आहे."

आमच्या घरात अंडं कधी आलं नाही. तिनेच येऊ दिलं नाही. मी तिच्याकडे बघत राहिलो. "हळू बोला," ती म्हणाली, मी काही बोललो नव्हतो तरी. "वंदनाच्या सासूबाईंना कळलं तर बारशाला येणार नाहीत."

त्या खोलीत मला हसू आलं, याचं आजही नवल वाटतं.

मग ती म्हणाली, "याचे थेंब तुमच्या मायक्रोमीटरवर मोजता येणार नाहीत इतके बारीक असतात. आणि फाटलं तर दिसतं, पिवळी तेलकट रेघ येते. लावायच्या आधी मी प्रत्येक बाटली उजेडात धरते. आज तुम्ही पण बघा." तिने बाटली खिडकीशी धरली, हलकेच उलटी केली, पुन्हा सुलटी केली. आम्ही दोघं मान वाकडी करून बघत होतो. सगळं एकसारखं पांढरं होतं. माझ्या शॉपमध्ये इतकं एकजीव दूध मी कधी पाहिलं नव्हतं. मी म्हणालो, "लाव."

तिने लावलं. पंप इतका हळू चालायचा की तो चालतोय की नाही हे डोळ्यांना कळायचं नाही. मी मोठमोठी चाकं फिरताना पाहिलेला माणूस, पण त्या पंपासमोर वाकून बघत राहिलो. माणसाने शेतातलं तेल घ्यायचं, पाण्यात घोटायचं, आणि केसाएवढ्या शिरेतून एका जिवाला जेवू घालायचं… देवळात मी इतका कधी वाकलो नाही.

पुढे रोज पोरीचं थोडं रक्त काढून बघायचे. रक्त खाली बसलं की वरचं पाणी दुधट राहिलं तर समजायचं, बाळाला तेल पचत नाही, कमी करा. वंदना आणि मी बाहेर बाकावर बसलेले असायचो. एका सकाळी सुमन दारात आली, टोपी काढली आणि म्हणाली, "वरचं पाणी स्वच्छ आहे. सगळं खाल्लं पोरीनं." आणि तिथेच भिंतीला टेकून रडली. ती एकदाच.

ती पोर म्हणजे आमची रेवा. आज इंदूरला नोकरी करते. टाउनशिपमध्ये अशी पोरं पुष्कळ आहेत. बाजारात एखादा मिशावाला दांडगा गडी वाकून सुमनच्या पाया पडायचा, आणि ती मला नंतर विचारायची, "कोण हो हा?" तिला चेहरे आठवायचे नाहीत. म्हणायची, मी यांना पाहिलं तेव्हा यांना चेहरा होता कुठे.

ती गेली त्या संध्याकाळी इंदूरहून पोचलेल्या रेवाने खांदा दिला. कोणी अडवायला आलं, पण तिने ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिश्रा भाभी खिचडी घेऊन आल्या. "भाईसाहब, बिटिया ने कल से कुछ नहीं खाया," म्हणाल्या. मी स्वयंपाकघरात गेलो. तूप कुठे असतं ते मला माहीत नव्हतं, चार डबे उघडले. रेवाच्या ताटात खिचडीवर दोन चमचे तूप घातलं. "आबा, मी तूप खात नाही," ती म्हणाली. मी तिसरा चमचा घातला आणि समोर बसलो. तिने माझ्याकडे पाहिलं आणि खायला लागली, हळूहळू, शेवटच्या शितापर्यंत.

ताट मी घासायला घेतलं. आमच्याकडे सुतकात घरात चूल पेटवत नाहीत. पण गार पाण्याने तूप निघत नाही… मी गॅस पेटवला आणि पाणी तापत ठेवलं.