एकतीस मुलांचा एक नंबर

जून ते ऑगस्ट मी अंघोळीला जातानासुद्धा फोन बरोबर नेते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खुंटीला टांगते. घरातले हसतात. हसू देत! त्या तीन महिन्यांत एकतीस मुलांचं पुढचं आयुष्य माझ्या फोनवर येत असतं, तेही सहा आकड्यांत आणि दहा मिनिटांच्या बोलीवर. साबण डोळ्यात गेला म्हणून एखाद्याची सीट गेली, तर मी कुणाला तोंड दाखवू?

मी राहते रोह्याला आणि शिकवते पेण तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका ज्युनियर कॉलेजात. विषय रसायनशास्त्र. ‘बारावीनंतर काय’ हे काम मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात मारलं, कारण स्टाफरूममध्ये सगळ्यात मोठ्याने मीच बोलते. मलाही ते आवडलं, खोटं कशाला बोलू! मुलांना वाटेला लावण्यात एक नशा असते.

अर्जावर माझाच नंबर टाकायची पद्धत मीच पाडली. त्याला कारण घडलं होतं. एका मुलीच्या अर्जावर वडिलांचा नंबर होता. वडील आखातात आणि सिम त्यांच्याबरोबर. ओटीपी तिकडे पोहोचला तेव्हा ते शिफ्टवर होते, फोन लॉकरमध्ये. मुलगी पेणच्या सायबर कॅफेत बसून रडली आणि मुदत संपली. त्याशिवाय इथल्या निम्म्या घरांत रिचार्ज संपला की नवीन सिम घेतात आणि जुना नंबर कुणाच्या लक्षातही राहत नाही. मग मी म्हटलं, आता बास. सगळ्यांच्या अर्जावर माझा नंबर टाका. ओटीपी आला की मी पाठवते. पालक खूश, मुलं खूश. एका वर्षी एकही सीट चुकली नाही, तेव्हा मीही स्वतःवर खूश झाले.

या खुशीत एक गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. मुलाने काहीही ठरवलं, बदललं, सोडलं, तरी आधी माझा फोन वाजायचा.

त्या वर्षी वर्गात एक हुशार मुलगी होती. वडील आधी मिठागरावर काम करायचे. बांध फुटून खारं पाणी शिरलं, मिठागर बंद पडलं, तेव्हापासून धरमतरच्या जेट्टीवर बार्जचा माल उतरवायचे. मुलगी शांत होती, पण पेपर असा लिहायची की तपासताना मला माझीच उत्तरपत्रिका वाचल्यासारखं वाटायचं. मी मनात ठरवूनच टाकलं होतं की ही केमिकल इंजिनियर होणार. माझे वडील इथल्याच एका कंपनीत ऑपरेटर होते. इंजिनियर साहेब आले की ते हातातला चहा खाली ठेवायचे. मला ते लहानपणी फार लागायचं. तर तो हिशेब मी हिच्यावर चुकता करायला निघाले होते, असं आता म्हणते. तेव्हा मला ते मार्गदर्शन वाटत होतं.

डिसेंबरात मी वर्गात एकेकाला उभं करून विचारलं, काय व्हायचंय? ही उठली आणि म्हणाली, “मॅडम, मासळीचा कॉलेज असतो ना रत्नागिरीला, तिथं जायचंय. आमचं मिठागर आता नुसतं पाण्याखाली हाय. तिथं कोळंबीची तळी करता येतील.”

मी काय म्हणावं? मी म्हटलं, “अगं, कोळंबी पाळायला चार वर्षं कशाला घालवतेस? कुणाच्याही तळ्यावर चार महिने राहा, झाली डिग्री!”

वर्ग खो-खो हसला. तीही हसली आणि बसली. माझा तास एकदम रंगला. त्यानंतर तिने तो विषय माझ्यापुढे कधी काढला नाही, आणि मला वाटलं, चला, डोक्यातून गेलं एकदाचं.

पुढे सगळं माझ्या मनासारखं झालं. सीईटी चांगली गेली. पसंतीक्रम मी भरला, ती शेजारी बसून मान डोलावत होती. पुण्याच्या सरकारी कॉलेजात केमिकल मिळालं. प्रवेश पक्का झाला त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. तिच्या वडिलांनी फोनवर नुसतं “बरं झालं, मॅडम” म्हटलं. मला राग आला. एवढी सीट मिळाली आणि नुसतं बरं झालं?

आठ-दहा दिवसांनी दुपारी चारच्या सुमाराला मी पेणहून रोह्याच्या गाडीत बसले. डबा अर्धा रिकामा होता. फोन वाजला म्हणून बघितलं तर तिचा ओटीपी. रोजच्या सवयीने मी तो पुढे पाठवणार, तेवढ्यात आकड्यांच्या आधीची ओळ वाचली. प्रवेश रद्द करण्यासाठी.

चूक असेल म्हणून पुन्हा वाचलं. चूक नव्हती.

तिचा फोन आलाच. “मॅडम, ओटीपी आला असंल ना?”

“कसला ओटीपी?” मी म्हटलं.

“त्या कॉलेजच्या वेबसाइटचा. जरा घाई हाय.”

कशासाठी, असं एका वाक्यात विचारता आलं असतं. पण माझ्या डोक्यात तोवर अख्खी कथा तयार झाली होती. बापाने माघार घेतली असणार. मुलीला एकटीला पुण्याला कशाला, म्हणून कुणीतरी कान भरले असणार. कदाचित स्थळसुद्धा बघितलं असेल. नुसतं ‘बरं झालं’ म्हणणारा माणूस, त्याच्याकडून दुसरं काय होणार! रद्द करायची मुदत पाचपर्यंत, हे मला माहीत होतं. पाच वाजेपर्यंत कळ काढली की सीट वाचते, मग उद्या घरी जाऊन बापाला सरळ करू.

“नाही आला गं,” मी म्हटलं. “गाडीत आहे, नेटवर्क नाही इथे.”

मी तिच्याशी खोटं बोलले, आणि बोलताना मला जराही लाज वाटली नाही. भीती मात्र वाटत होती.

कासूला तिचा पुन्हा फोन. तिने नवीन ओटीपी मागवला होता, तोही माझ्यासमोर पडला होता. मी म्हटलं, “नाही येत गं, काय करू?” त्याच गडबडीत तिच्या वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीचा ओटीपी आला, फार्मसीच्या अर्जाचा. तो मी ताबडतोब पाठवला. तिचं ‘थँक यू मॅडम’सुद्धा आलं.

नागोठण्याला तिसरा फोन आला. तो मी उचललाच नाही. समोर एक बाई मुलाला बिस्कीट भरवत होत्या. त्या म्हणाल्या, “उचला की, कुणाला काय अडचण असंल.” मी खिडकीबाहेर बघत बसले. आपण हिचं भलं करतोय, भलंच करतोय, असं मी मनात म्हणत होते, आणि जितकं म्हणत होते तितकं ते खोटं वाटायला लागलं होतं. खरंच भलं करत असते, तर फोन उचलायला का घाबरले असते?

निडीला गाडी थांबली आणि थांबूनच राहिली. रोह्याला फलाट मोकळा नव्हता म्हणे. पाचला वीस मिनिटं कमी होती. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर तिच्याकडून आवाजाचा निरोप आला. लावला, तर आवाज तिच्या वडिलांचा. मागे रस्त्याचे हॉर्न वाजत होते.

“मॅडम, मी तिचा बापूस बोलतोय. काम सोडून पेणला आलोय. पोरीचा तिकडं रत्नागिरीला नंबर लागलाय, मासळीच्या कॉलेजात. तिनं फॉर्म भरलान, तिचा तिनंच, तिच्याच नंबरावर. मला पन आधी माहीत नव्हता. हितला पाचच्या आत सोडला तरच तिकडचा मिळनार हाय, नायतर जातोय. तुमाला वाईट वाटंल म्हनून ती बोलली नाय. पोर जेवली नाय सकालपासून. तेवढा नंबर द्या, मॅडम. थांब गो, बोलतोय ना मी... द्या, मॅडम, हात जोडतो.”

मी ते अर्धवट ऐकतच उठून दाराकडे गेले. जुने ओटीपी केव्हाच बाद झालेले. मी तिला फोन लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना. नेटवर्क नाही! मघापासून जे खोटं सांगत होते ते आता खरं झालं होतं. मी गाडीतून खाली उतरले, फलाटाच्या टोकापर्यंत धावत गेले, फोन वर धरून. माझ्या वयाची बाई, खांद्याला पर्स, हातात डबा, निडीच्या फलाटावर फोन आभाळाकडे धरून धावतेय. कुणीतरी ओरडलं, “मॅडम, गाडी सुटंल!” सुटू दे म्हटलं. मनात एकच, देवा, नेटवर्कची एक कांडी दे. एवढी एकदा दे.

टोकाच्या झाडाखाली फोन लागला. “पुन्हा मागव,” मी ओरडले, “आत्ताच्या आत्ता मागव!” ती नुसतं “व्हय” म्हणाली. ओटीपी यायला किती वेळ लागला ते मी सांगू शकत नाही. मला तो सगळा पावसाळा वाटला. आला तेव्हा मी आकडे फोनवरच वाचून दाखवले, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पाचला चार मिनिटं कमी असताना ती म्हणाली, “झालं, मॅडम. पावती आली.” मी तिथेच फलाटावर बसले आणि रडले. गाडी अजून उभीच होती. त्या बिस्किटवाल्या बाईंनी मला दारातून हात देऊन वर घेतलं.

नंतरचे तीन दिवस मी धड जेवले नाही. सीट वाचली होती, पण ती माझ्यामुळे जाता जाता वाचली होती, आणि हे फक्त मलाच माहीत होतं. असं मला वाटत होतं. कुणाला न सांगता तसंच सोडून देता आलं असतं. तिच्या घरी मी देवमाणूस ठरले होते. शेवटी राहवेना.

रत्नागिरीला जायची त्यांची सकाळची गाडी रोह्यावरून जाते आणि तिथे जरा वेळ थांबते. मी डब्यात घावणे घेऊन स्टेशनवर गेले. ती खिडकीत बसली होती. वडील बाटली भरायला खाली उतरले, तेवढ्यात मी खिडकीशी गेले आणि एका दमात बोलून टाकलं. “ऐक, मला तुला सांगायचंय. पहिला ओटीपी आला होता. दुसराही आला होता. मी खोटं बोलले.”

ती म्हणाली, “माहीत हाय, मॅडम.”

“कसं काय?”

“ती फार्मसीवाली माझ्या बाजूलाच बसलेली, सायबरला. तिला तुमचा ओटीपी आला ना, तेव्हा मी तुम्हालाच फोन लावत होते.”

तरी मी म्हटलं, “मग तू मला सरळ सांगितलं का नाहीस, गं? रत्नागिरीचं सांगितलं असतंस तर मी दिला नसता का?”

“डिसेंबरात सांगितलं होतं,” ती म्हणाली. आवाज चढला नाही, डोळ्यात पाणी नाही. “म्हणून त्या दिवशी बाबांना जेट्टीवरून बोलावून घेतलं. म्हटलं, मॅडम माझं नाय ऐकायच्या. बापाचं ऐकतील.”

मी इतकी वर्षं पालकांना सांगत आलेय, मुलांचं ऐकून घ्या, मुलांचं ऐकून घ्या. फळ्यावर लिहूनसुद्धा. मी खिडकीचा गज धरून उभी राहिले. माफ कर म्हटलं, ते तिला ऐकू गेलं की नाही ठाऊक नाही, कारण मागून वडील आले. भरलेली बाटली खिडकीतून आत दिली आणि माझ्यापुढे हात जोडले. “मॅडम, तुमच्यामुलं झाला सगला.”

“नाही हो,” मी म्हटलं, “माझ्यामुळे जाणार होतं. मी मुद्दाम दिला नव्हता तिला नंबर. खरंच सांगते.”

ते हसले. मोठी माणसं असंच बोलतात, अशा कौतुकाने माझ्याकडे बघत हसले. “व्हय, व्हय. धाकटी पुढच्या साली बारावीला हाय. तिच्या फॉर्मवर पन तुमचाच नंबर टाका, मॅडम. आमाला काय कलतंय त्यातलं?”

शिट्टी झाली. ते गडबडीने डब्यात चढले. तेवढ्यात ती आतून म्हणाली, “नाय बाबा. तिच्या फॉर्मवर तिचा नंबर टाकायचा. मी तिला फोन घेऊन देते.”

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि वडिलांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं, “हो. तिचाच टाका.”