पातेली कुणाकडे?

गेल्या महिन्यातल्या एका शनिवारी मी निव्वळ समोशांच्या जोरावर एक व्याख्यान पार पाडलं. मी दुबईतल्या एका युनिव्हर्सिटीत इव्हेंट कोऑर्डिनेटर आहे. म्हणजे हॉल बुक करायचा, माइक चालतोय का बघायचं आणि खुर्च्या रिकाम्या राहिल्या की बोलणी खायची...

आमच्याकडे एलेना नावाच्या प्रोफेसर वर्षभरासाठी अमेरिकेहून आल्यात. अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांवर, म्हणजे चिकानो समाजावर, त्यांचा अभ्यास आहे. त्यातही टेक्सास-कॅलिफोर्निया नाही, तिथलं बरंच लिहून झालंय म्हणे. पार उत्तरेकडे, बर्फाच्या मुलखात, बीटाच्या शेतांवर कामाला गेलेली आणि तिथेच राहिलेली माणसं हा त्यांचा विषय. त्या स्वतः तिथल्याच एका छोट्या गावच्या.

त्या गावावरचं त्यांचं पुस्तक जवळजवळ तयार होतं, पण पहिलंच प्रकरण तीन वर्षं अडकलं होतं. चिकानो लोकांची तिथली पहिली संस्था कुणी काढली, याचा एकही कागद सापडत नव्हता. त्याशिवाय पुस्तक छापायला द्यायला बाई तयार नव्हत्या. कॉफी मशीनपाशी त्या हे मला सांगायच्या आणि मी आपली "इन्शाल्ला, मिळेल" म्हणायचे.

तर व्याख्यान. चाळीस जणांनी नावं नोंदवली होती. सकाळपासून 'सॉरी, नेक्स्ट टाइम' असे मेसेज सुरू झाले आणि दुपारपर्यंत उरले तीन, त्यातला एक आमचा माइकवाला... मी घाबरून अल मनखूलमधल्या आमच्या बिल्डिंगच्या मराठी ग्रुपवर टाकलं, 'मेक्सिकन लोकांवर कार्यक्रम. समोसे आणि करक चहा. यल्ला, चला सगळे, चार वाजता!'

बावीस माणसं आली! पाच गाड्यांत कोंबून. पहिल्या रांगेत जोशीकाका, आमच्या इथल्या मराठी मंडळाचे संस्थापक... असं ते स्वतः सांगतात. माझी लेक कानाशी येऊन म्हणाली, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग," आणि शेवटच्या रांगेत जाऊन तिने मला ओळखणं बंद केलं.

पहिली वीस मिनिटं जनता समोशांच्या टेबलाकडेच बघत होती. मग एलेना म्हणाल्या की गावातल्या त्या पहिल्या संस्थेच्या वह्या कुठेच सापडत नाहीत, आणि ती संस्था पुढे फुटली. आता दोन आहेत, दोन्हींकडे आपापल्या संस्थापकाचा फ्रेम केलेला फोटो आहे आणि दोघंही म्हणतात की दुसरे मागाहून आले... अख्खा हॉल ताठ बसला.

"फुटली कशावरून?" जोशीकाकांनी विचारलं.

आधी जेवण की आधी नाच, यावरून. हॉलमध्ये मनापासून हळहळ पसरली. मागून कुणीतरी पुटपुटलं, "आपलं तर दीपप्रज्वलनावरून..." आणि काका गर्रकन मागे वळले.

तेवढ्यात आमच्या बिल्डिंगमधल्या नलिनीकाकूंनी हात वर केला. काकू पंचाहत्तरीच्या, बोलल्या मराठीत, मी इंग्रजी करत गेले. "त्यांना विचार, स्वयंपाक कोण करायचं?"

एलेनांनी कागद चाळले. अध्यक्ष, सेक्रेटरी, चर्चचे फादर, गिटारवाला... सगळ्यांची नावं होती. स्वयंपाकाचं नव्हतं.

"मग वह्या कशा सापडतील?" काकू म्हणाल्या. "अध्यक्ष बदलतात, भांडतात, गाव सोडून जातात. मोठी पातेली मात्र एकाच बाईकडे पडून असतात, कारण तिला नाही म्हणता येत नाही. किती माणसं जेवायला, कुणी काय आणायचं, हे सगळं वहीत. म्हणून वहीसुद्धा त्या पातेल्यातच."

"काकू, तुम्हाला कसं माहीत?" मी विचारलं.

"आपल्या मंडळाची माझ्याकडेच आहेत की. बेडखाली."

जोशीकाकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पहिली वही हरवली, असं धरूनच तर ते इतकी वर्षं इतिहास सांगत होते! "न्या बाई कुणीतरी ती पातेली," काकू पुढे म्हणाल्या, "झाडताना हाताला लागतात."

व्याख्यान तिथेच खलास. उरलेला वेळ एलेना आणि काकू एकमेकींना हातवारे करून पातेल्यांची मापं सांगत होत्या, आणि मला कुणी भाषांतरालाही विचारलं नाही.

पाच दिवसांनी एलेना माझ्या टेबलापाशी आल्या. डोळे लाल. फोनवर एक फोटो होता... तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे आपल्या पातोळ्यांसारखे उकडायचे प्रकार, ते वाफवायचं भलंमोठं पातेलं आणि आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या चार वह्या. सगळ्यात जुन्या वहीच्या पहिल्या पानावर सात बायकांची नावं होती. फ्रेममधल्या दोघांपैकी कुणाचाही पत्ता नव्हता.

आणि हे पातेलं होतं कुठे? एलेनांच्या सख्ख्या मावशीच्या गॅरेजमध्ये! अभ्यासाला गावी गेल्या की बाई तिच्याकडेच उतरायच्या, तिच्याच हातचं जेवायच्या. त्या फोनवर चिडल्याच, मला आधी का नाही सांगितलंस म्हणून. मावशी शांतपणे म्हणाली, "तू रोज जेवताना मला अध्यक्षांबद्दल विचारायचीस."

हे सांगताना एलेना हसत होत्या आणि रडतही होत्या. पुस्तक सुटलं. मला मात्र दिवसभर काही सुचलं नाही.

शुक्रवारी मी वही-पेन घेऊन नलिनीकाकूंकडे गेले. तुम्ही इथे आलात तेव्हा काय काय केलंत, एवढंच विचारलं... काकू तीन तास बोलल्या. शारजाच्या गच्चीवर शिजवलेला साठ माणसांचा मसालेभात, आणि विमानतळावरून थेट पंगतीत येऊन रडलेली एक नवी नवरी. ती नवरी त्या स्वतःच होत्या.

काकू, मनापासून थँक्यू. अकरा वर्षं मी तुमच्या वरच्याच फ्लॅटमध्ये राहतेय... आणि तुमच्याबद्दल तुम्हाला विचारलेला हा माझा पहिलाच प्रश्न.