हणमंतानं न केलेली सही

हणमंत गेला त्याला आता सहा आठवडे झाले. बातमी आली तेव्हा मी माधवनगरच्या घरी, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत उतरून तळ घासत होतो. बायकोने वरून डोकावून सांगितलं, "हणमंतभावजी गेले... शेतात, बसल्या जागी." मी हातातला ब्रश तसाच धरून उभा राहिलो. मनात पहिला विचार आला तो दुःखाचा नव्हता, हे कबूल करतो. वाटलं, आता त्याच्याकडून ऐकून घ्यायचं राहिलंच. किती वर्षं मी त्याच्या तोंडून एका शिवीची वाट बघत होतो, आणि त्या पठ्ठ्याने ती कधी दिली नाही. दुःख नंतर आलं, दहिवडीच्या एसटीत बसल्यावर, आणि मग ते काही थांबेना.

दहाव्यानंतर गावात शोकसभा झाली. पहिल्या वक्त्याने सांगितलं की परदेशातल्या खाणीची मोठी नोकरी हातची गेली तरी हणमंतराव खचले नाहीत, गावी येऊन शेती केली. 'हातची गेली' हे शब्द त्याने असे उच्चारले, जणू पाकीट बाजारात पडलं. दुसरा तरुण होता, शहरातून आलेला, त्याने हणमंताला युरेनियमविरुद्ध लढलेला वीर करून टाकलं. खाणीतल्या विषाने त्याचा बळी घेतला, असंही ठोकून दिलं. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितलाय, आणि हणमंत असता तर त्या पोराला त्याने आधी विचारलं असतं, "रीडिंग किती? न्हाई ना? मग बस खाली." दोन्ही खोटं होतं. मला सगळं माहीत होतं, आणि मी पहिल्या रांगेत गप्प बसलो. लोकांना वाटलं मित्राला बोलवत नाहीये. आज बोलतो.

आम्ही दोघं सांगलीला इंजिनिअरिंगला एकत्र होतो. मी माधवनगरच्या कापड गिरणीतल्या जॉबरचा, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचा मुलगा. माझ्या अब्बांच्या छातीत गिरणीतला कापसाचा तूस असा बसला होता की जिना चढताना ते तीन वेळा थांबायचे. हणमंत माण तालुक्यातल्या एका वाडीचा, त्याच्या घरी मेंढरं, बाजरी आणि चुलत्यांत वाटलेली एक विहीर. देशातल्या दोन-तीन खाणी पालथ्या घालून आम्ही शेवटी आफ्रिकेतल्या एका वाळवंटी देशात पोचलो, एका खासगी युरेनियम कंपनीत. तिचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. घाबरून नव्हे. हा लेख हणमंताचा आहे, तिची फुकट जाहिरात कशाला? मी नियोजनात होतो, म्हणजे पुढच्या वर्षी कुठून किती दगड निघेल हे कागदावर मांडायचं. हणमंताकडे हवा होती. भूमिगत खाणीत हवा खेळती ठेवणं हे त्याचं खातं.

तो उत्पादनाच्या विरोधात होता म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. आम्ही गेलो तेव्हा दगडातून युरेनियम काढणारा वरचा कारखाना निम्मा रिकामा चालत होता आणि साहेब लोक ओरडत होते की आणखी दगड फोडा. हणमंत आठवडाभर खाली फिरला आणि वर येऊन म्हणाला, "फोडताय ते रग्गड हाय, पण निम्मा कचराच वर वढताय." मग आम्ही प्रत्येक गाडी खालीच किरणोत्सार मोजणाऱ्या मापकाखालून न्यायला लावली. ज्या दगडात दम नाही तो खालीच जुन्या पोकळीत भरायचा, वर फक्त कसदार माल. डिझेल वाचलं, कारखान्यात दगड विरघळवायचं आम्ल वाचलं, वर टाकाऊ गाळाचा ढीग कमी वाढू लागला, आणि एकही नवा बोगदा न काढता कारखान्याला जास्त माल मिळाला. ही कल्पना हणमंताची. पदक मला मिळालं, कारण तक्ता माझ्या संगणकावर होता. त्याने त्यावरही मला कधी टोचलं नाही, फक्त पार्टीत दोन माणसांचं मटण एकट्याने खाल्लं.

आता हवेचं सांगतो. युरेनियमच्या दगडातून रेडॉन नावाचा वायू झिरपत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही. हवा वाहती असली तर तो निघून जातो. हवा थांबली की त्यातून असे कण तयार होतात की ते फुप्फुसात जाऊन बसतात, आणि त्याची फळं वीसेक वर्षांनी दिसतात. हणमंत नव्या कामगारांना सांगायचा की इथे हवा भाकरीपेक्षा लवकर शिळी होते. ज्या जागी दगड फोडतात तिला आम्ही तोंड म्हणायचो. खाणीत चार तोंडं आणि ताजी हवा दोन तोंडांपुरती, अशी अवस्था होती. त्यावर त्याने आपल्या वाडीतला उपाय काढला. त्यांच्या सामायिक विहिरीवर पाण्याची पाळी असते, आणि ती घड्याळावर बदलत नाही. ज्याचं पाणी संपलं त्याने स्वतः विहिरीवर यायचं, दुसऱ्याच्या समोर उभं राहून 'सोडली' म्हणायचं, मगच दुसऱ्याने बारं धरायचं, म्हणजे पाणी आपल्या रानात वळवायचं. त्याने खाणीतही तेच लावलं. दोन तोंडांवर माणसं, उरलेली दोन सुरुंग उडवून हवेने धुऊन निघायला रिकामी सोडलेली. पाळी बदलताना त्या तोंडाच्या मुकादमाने हवेच्या दारापाशी, जिथून हवा दुसऱ्या तोंडाकडे वळवतात तिथे यायचं, माणसं मोजून बाहेर काढलीत हे दिसायला हवं, आणि मोठ्याने सांगायचं. योसेफ नावाचा तिथला म्हातारा मुकादम तो शब्द मराठीतच घ्यायचा. पाच हजार मैलांवरच्या त्या वाळवंटाखाली "पाळी सोडली!" अशी आरोळी ऐकली की मला हसू यायचं... आणि बरंही वाटायचं.

मग युरेनियमचा भाव वर चढला. कंपनीने मोठे पुरवठ्याचे करार करून टाकले आणि उत्पादन दुप्पट करायचं ठरलं. हणमंतानेच क्रम लिहून दिला होता: आधी हवेची विहीर, म्हणजे जमिनीपासून खालपर्यंत नवा उभा बोगदा, त्यावर मोठा पंखा, आणि मग चारही तोंडं एकदम. पण विहीर अर्ध्यावर रखडली आणि पंखा बंदरात अडकला. इथे मी माती खाल्ली. माझ्या आराखड्यात पंखा ज्या दिवशी यायचा होता त्या दिवशी तो आला असं मी धरलं होतं आणि पुढचं सगळं त्यावर रचलं होतं. जोखमीच्या तक्त्यात 'पंख्यास विलंब' अशी एक पिवळी चौकट होती. ती पिवळी चौकट बैठकीत सगळ्यांना दिसायची, आणि सगळ्यांना दिसते म्हणून कुणालाच बोचायची नाही. तारीख आली. पंखा नव्हता. करार मात्र होते. वरून आदेश आला, चारही तोंडं चालवा.

चारही तोंडं चालवायला हवा पुरेशी असल्याचा दाखला लागायचा आणि त्यावर हणमंताची सही. तो म्हणाला, करत नाही. मी त्याच्या खोलीत गेलो, समजावलं. दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे, सरासरी काढली तर वर्षाच्या मर्यादेत बसतं. तो म्हणाला, "रशीद, सरासरी छातीत जात न्हाई रं. छातीत जाती ती आजची हवा. तुज्या अब्बाला ठावं हाय." त्याने अब्बांचं नाव काढायला नको होतं असं मला तेव्हा वाटलं. आम्ही भांडलो. मी त्याला हट्टी म्हणालो, आडमुठा म्हणालो, माणदेशी दगड म्हणालो. त्याने ते सगळं ऐकून घेतलं आणि चौथ्या दिवशी दोन तोंडांवर साखळी लावून पाटी टांगली: हवा नाही. कंपनीने त्याला परतीचं तिकीट दिलं आणि एक पत्र, की आपली सेवा आता आवश्यक नाही. नोकरी त्याच्या हातची गेली नाही, लोकहो. ती त्याने स्वतःच्या हाताने टेबलावर ठेवली, आणि त्या वेळी त्याची थोरली लग्नाला आली होती.

दाखल्यावर सही करू शकेल असं प्रमाणपत्र खाणीत आणखी एकाच माणसाकडे होतं. माझ्याकडे. मी सही केली. कारणं विचाराल तर माधवनगरला घर बांधायला काढलं होतं, भीती होती, आणि खरं सांगायचं तर माझा आराखडा खोटा पडू नये हेही होतं. अकरा दिवस चारही तोंडं चालली. बाराव्या दिवशी योसेफ आपली सगळी टोळी घेऊन हवेच्या दारापाशी आला आणि खाली बसला. मी गेलो, कागद दाखवला. त्याने कागद हातात घेतला नाही. एकच म्हणाला, "पाळी नाही." मराठीत. मागे बसलेली चाळीस माणसं जागची उठली नाहीत. दुपारपर्यंत दुसऱ्या तोंडांची माणसंही येऊन बसली आणि कंपनीला मुकाट दोन तोंडांवर यावं लागलं. पुढे पंखा आला, विहीर पुरी झाली, उत्पादन हणमंताने लिहिलेल्या क्रमानेच दुप्पट झालं. कंपनीच्या चकचकीत अहवालात तो क्रम छापलाय. नाव कुणाचंच नाही. त्या अकरा दिवसांत त्या माणसांच्या छातीत काय गेलं, ते त्यांच्या अंगावरच्या, किरणोत्सार मोजणाऱ्या बिल्ल्यांवरच्या नोंदींनुसार मर्यादेत आहे. मी ते वाचतो आणि मला झोप लागत नाही, एवढंच सांगतो.

परत आल्यावर मी त्याला भेटत राहिलो. तो डाळिंबं लावत होता, गावच्या पाणी समितीत भांडत होता, लय मजेत होता. उत्पादन दुप्पट झाल्याचं सांगितलं तेव्हा खूश होऊन म्हणाला, "झालं न्हवं? म्या सांगितल्यालं!" माझ्या सहीबद्दल मी बोलायला जायचो आणि तो डाळिंबाच्या रोगाकडे वळायचा. मला वाटायचं, याला माहीत नाही. कधी वाटायचं, माहीत आहे आणि हा मला शिक्षा देतोय.

गेल्या आठवड्यात पुन्हा वाडीला गेलो. हणमंताच्या बायकोने, कमलवहिनींनी, मला ओसरीवरच थांबवलं. आत जाऊन आधी हणमंताच्या खोलीची पूर्वेची खिडकी उघडली, मग पश्चिमेची, पदर हलतोय का ते बघितलं आणि मग म्हणाल्या, "या भावजी, बसा आता." कुणालाही खोलीत घेण्याआधी हणमंत रोज असंच करायचा, पाहुणा दारात तिष्ठत राहिला तरी. त्या आता त्याच्यासारखंच करतात. मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सही, अकरा दिवस, सभेतलं माझं गप्प बसणं. त्या भाजीच्या शेंगा सोलत होत्या, हात थांबला नाही.

"ठावं हाय मला," त्या म्हणाल्या. "ह्यांस्नी योसेफनं फोन केला व्हता, तवाच."

"मग तो मला कधी बोलला का नाही?"

"ह्ये म्हणायचं, बोलायचं रशीदनं हाय, म्या न्हवं." मग त्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या. "आवं भावजी, सभंत हितली माणसं माज्या नवऱ्याला नोकरी राखता आली न्हाई म्हणत व्हती आन् तुमी फुडं बसून ऐकत व्हता. मला कशापायी सांगताय? मी कवा इचारलं? जावा, त्येंस्नी सांगा."

मी चहा घेतला नाही. तसाच एसटीला आलो आणि माधवनगरला पोचल्यावर हे लिहायला बसलो. तर ऐका. माझं नाव रशीद. हणमंत बरोबर होता आणि त्याच्या जागी ती सही मी केली.