शुक्रवारचा शेवटचा तास

पहिली मुलगी पडली ती गणिताच्या तासाला. मी फळ्यावर उदाहरण लिहीत होते. मागे पाटी फुटल्याचा आवाज झाला म्हणून वळले, तर दुसऱ्या रांगेतली एक मुलगी चटईवर आडवी. मुठी आवळलेल्या, दातखिळी बसलेली. तोंडावर पाणी मारलं, पदरानं वारा घातला. थोड्या वेळानं ती उठून बसली, पण काय झालं ते तिला सांगता येईना. ऊन लागलं असेल असं समजून मी तिला घरी पोचवून आले.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची पडली. मग आणखी दोघी, एकीपाठोपाठ एक. आठवडा संपेपर्यंत वर्गात कुणाच्या हातून पेन्सिल जरी खाली पडली तरी सगळ्या दचकून एकमेकींकडे बघायच्या, आणि त्यातली एखादी तशीच कलंडायची.

आमची मुलींची शाळा कुंभकोणममध्ये अरसलार नदीकडे जाणाऱ्या गल्लीत, एका भाड्याच्या घरात भरे. मागच्या अंगणात विहीर आणि विहिरीवर वाकलेलं चिंचेचं झाड. मी तिथे थोड्याच वर्षांपूर्वी लागले होते. लग्नानंतर लगेच नवरा गेला. वडिलांनी लोकांचं बोलणं अंगावर घेऊन मला मद्रासला ट्रेनिंगला पाठवलं आणि परत आल्यावर ही नोकरी मिळाली. तंजावरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं तेव्हा आमचे पणजोबा दरबारात कारकून होते म्हणे. माझ्या वेळेपर्यंत त्याचं कुणाला सोयरसुतक उरलं नव्हतं. घरात आम्ही आमची जुन्या वळणाची मराठी बोलायचो, उंबरा ओलांडला की तमिळ, आणि इन्स्पेक्ट्रेस बाई शाळा तपासायला आल्या की इंग्रजी.

मुली पडायला लागल्यावर गावात बोलणं सुरू झालं ते चिंचेवरून. झाडात काहीतरी आहे. कुणी सांगितलं, पूर्वी त्या विहिरीत एका बाईनं जीव दिला होता. कुणाच्या तरी वडिलांनी एक मांत्रिक आणला. त्यानं झाडाला लिंबं बांधली, अंगणात कुंकवाचं पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी ते लाल डाग बघून आणखी दोघी पडल्या. मग आयाबापांनी मुलींना घरी ठेवायला सुरुवात केली. निम्म्या चटया रिकाम्या राहू लागल्या.

आमच्या हेडमिस्ट्रेस करारी होत्या. तमिळ बाई, आवाज खणखणीत, शिस्त अशी की त्यांची चाहूल लागली की मुली श्वास रोखून बसत. त्या शाळेसाठी त्या किती भांडल्या होत्या ते मी पाहिलं होतं. शाळेच्या समितीतले लोक त्यांना म्हणाले, "झाड तोडून टाका आणि दोन-तीन महिने शाळा बंद ठेवा." बंद पडलेली मुलींची शाळा पुन्हा उघडत नाही, हे त्यांना माहीत होतं. मलाही होतं.

त्यांनी सरकारी इस्पितळातल्या लेडी डॉक्टरांना बोलावलं. त्या तिरुनेलवेलीकडच्या ख्रिस्ती बाई, शांत आणि कमी बोलणाऱ्या. त्यांनी एकेका मुलीला आत नेऊन तपासलं. मग हात धुऊन आमच्यासमोर बसल्या.

"अंगानं या मुली धडधाकट आहेत," त्या म्हणाल्या. "पण ढोंग करत नाहीत. कशाला तरी फार भ्यायल्या आहेत. या वर्गात अलीकडे काही घडलं का?"

"काही नाही," हेडमिस्ट्रेस म्हणाल्या.

मी म्हणाले, "घडलंय, अम्मा."

त्या वर्गातली एक मुलगी गेल्या वर्षी सासरी गेली होती. पितळी भांडी घडवणाऱ्याची लेक. गोष्टी सांगण्यात पटाईत, सगळ्यांना हसवणारी. जवळच्या स्वामीमलै गावात, मूर्ती ओतणाऱ्या एका घरात तिला दिली होती. चौदावं सरलंही नव्हतं, आणि पहिल्याच बाळंतपणात ती गेली. मूलही गेलं. बातमी आली त्या दिवशी हेडमिस्ट्रेसनी आम्हा शिक्षिकांना बजावलं की वर्गात याबद्दल अक्षर काढायचं नाही, मुली घाबरतील. त्यांच्या मनात मायाच होती. पण मुलींना बातमी घरोघरी अर्धीमुर्धी कळली होती, आणि शाळेत कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. पहिल्या दिवशी जी पडली, ती तिची जिवाभावाची मैत्रीण.

डॉक्टर म्हणाल्या, "मग आधी त्या मैत्रिणीला भेटा."

मी संध्याकाळी तिच्या घरी गेले. ती स्वयंपाकघराच्या मागच्या दारात विड्याची पानं पुसत बसली होती. तिची आई म्हणाली, "झोपत नाही हो, टीचर. जेवत नाही. आता पोंगलच्या महिन्यात हिला सासरी पाठवायचं ठरलंय, आणि ही अशी." मुलीनं मान वर केली नाही. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि पानं पुसू लागले. मग आई पाणी आणायला गेली आणि मुलीनं खालच्या मानेनं विचारलं,

"टीचर, ती ओरडली असेल का?"

मी म्हणाले, "ओरडली असेल."

"कुणी होतं का तिच्याजवळ?"

"ते मला माहीत नाही. विचारून सांगेन."

"मी आईला विचारलं तर ती म्हणाली, असलं अभद्र बोलू नकोस." तिनं हातातलं पान नीट घडी करून ठेवलं. "मलापण तसंच होणार ना?"

उरलेली पानं पुसून होईपर्यंत मी तिच्याजवळ बसले. घरी परतताना माझं एवढं पक्कं ठरलं की या मुलींना हे प्रश्न मोठ्यानं विचारता आले पाहिजेत, आणि उत्तरं द्यायला गावातली मोठी माणसं समोर बसली पाहिजेत. एकट्या शिक्षिकेच्या आवाक्यातलं हे काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हेडमिस्ट्रेसकडे शुक्रवारचा शेवटचा तास मागितला. आया येतील, डॉक्टर येतील आणि मुलींशी बोलतील.

"शाळा ही रडायची जागा नाही," त्या म्हणाल्या.

"मग त्यांनी कुठे रडायचं, अम्मा? घरी रडू देत नाहीत. इथे पडतात, कारण इथे ती होती."

त्यांनी समोरची हजेरीवही मिटली. मग म्हणाल्या, "समितीतले लोक मला फाडून खातील. ते तुमचं-माझं ऐकणार नाहीत. ज्याचं ऐकतील असा माणूस आणा."

असा माणूस माझ्या ओळखीत एकच होता, तो म्हणजे माझे मामा. ते जवळच्या मरुदानल्लूर गावी राहत आणि भजनी मंडळी चालवत. विठ्ठलाची मराठी पदं आणि तमिळ नामावळी त्यांच्या तोंडून ऐकायला गावोगावचे लोक जमत. समितीतले निम्मे तरी त्यांच्या भजनाला मांडी घालून बसणारे. मी जटका, म्हणजे घोडागाडी, करून मरुदानल्लूर गाठलं.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. "अगं, मी टाळ वाजवणारा माणूस. मुलींच्या आजाराचं मला काय कळतं?"

"तुम्ही काही सांगायचं नाही, मामा. नुसतं म्हणायचं की शाळा उघडी राहू दे, मुलींना पाठवा, मी स्वतः येऊन बसतो."

"आणि त्या बाळंतपणाच्या गोष्टी निघतील तेव्हा?"

"तेव्हा बाहेरच्या ओट्यावर बसा."

ते जरा हसले. मग गंभीर झाले. त्यांची धाकटी बहीण, म्हणजे माझी मावशी, अशीच गेली होती. घरात तिचा विषय कधी निघत नसे. "येतो," ते म्हणाले.

समितीपुढे मामा फार बोलले नाहीत. एकानं चिंच तोडण्याची गोष्ट काढली तेव्हा मीच बोलले. "तोडा हवी तर. मुली उद्याही पडतील. आम्हाला महिनाभर द्या." डॉक्टरही आल्या होत्या, त्यांनी मान डोलावली. मामा म्हणाले, "माझी नात असती तर मी पाठवली असती." तेवढ्यावर महिना मिळाला.

सगळ्यांत अवघड भेट राहिली होती. भांडीवाल्यांच्या गल्लीत सगळीकडून ठोकण्याचा आवाज येत होता. गेलेल्या मुलीची आई ओसरीवर चिंचेनं घागर घासत होती. मी कोण ते सांगितलं तसा तिचा हात थांबला.

"तिला गणित येत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही मारत नव्हता, असं सांगायची."

मी तिला शाळेतली हकीकत सांगितली आणि विचारलं, "याल का? मुलींना तुमच्याशी बोलायचंय. यायलाच हवं असं नाही."

तिनं डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "मला बघून बायका रस्ता ओलांडतात. पोरीबाळी माझ्या सावलीला येऊ नयेत म्हणून त्यांना ओढून घेतात. आणि तुम्ही मला शाळेत बोलावताय?"

"हो."

"येते," ती म्हणाली.

पहिल्या शुक्रवारी अंगणातच चटया घातल्या. हेडमिस्ट्रेस एका कडेला खुर्चीत ताठ बसल्या. आया आल्या त्या भीतभीतच. गेलेल्या मुलीची आई आत आली तेव्हा दोघीतिघींनी पदर सावरून आपापल्या मुली जवळ ओढल्या. ती उभीच राहिली. तेव्हा हेडमिस्ट्रेस उठल्या, तिचा हात धरून तिला आपल्याजवळ घेऊन गेल्या आणि खुर्ची सोडून तिच्याशेजारी चटईवर बसल्या. त्यांना खाली बसलेलं आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी सोप्या शब्दांत सांगितलं, मूल कसं येतं, लहान वयात काय बिघडतं, इस्पितळात काय करता येतं. आया चुळबुळल्या, एकदोघी कानावर हात ठेवून बसल्या, पण उठून गेलं कुणी नाही. मग त्या मैत्रिणीनं विचारलं. आवाज जेमतेम निघत होता. "कुणी होतं का तिच्याजवळ?"

"मी होते," आई म्हणाली. "निरोप आला तशी मी पोचले. तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओरडली, फार ओरडली. मग थकली. तुमच्या सगळ्यांबद्दल बोलत होती. कोण कुठल्या रांगेत बसतं ते सांगत होती."

तेवढ्यात मागच्या रांगेतली एक मुलगी पडली. सगळ्या ताडकन उठल्या. डॉक्टर म्हणाल्या, "बसा. काही होत नाही तिला." आई उठली आणि तिनं त्या मुलीचं डोकं मांडीवर घेतलं, आवळलेल्या मुठी एकेक बोट करून उघडल्या. मुलगी शुद्धीवर आली आणि रडू लागली. तिच्याबरोबर सगळा वर्ग रडला. आयाही रडल्या. हेडमिस्ट्रेसनी कुणालाच गप्प केलं नाही. बाहेर ओट्यावर मामांनी हलक्या आवाजात नामावळी सुरू केली, आणि हळूहळू आतल्या बायकांनी ती उचलली.

त्या दिवसानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. पुढच्या आठवड्यातही मुली पडल्या. समितीतल्या एका गृहस्थांनी बाजारात उभं राहून सांगितलं की या शाळेत बायकांना बसवून मुलींना घाणेरडं शिकवतात. सुंदरपेरुमाळ कोयिल या गावाहून येणाऱ्या एका मुलीला तिच्या बापानं कायमची काढून घेतली. मी दोनदा त्याच्या शेतावर गेले. दुसऱ्यांदा त्यानं मला बांधावरूनच परत पाठवलं. ती मुलगी पुन्हा शिकली नाही.

पण शुक्रवार आम्ही सोडला नाही. कधी डॉक्टरांना इस्पितळातून निघता येत नसे, कधी मामांना ताप असे, पण गेलेल्या मुलीची आई मात्र येतच राहिली. मुली तिला गोष्टी सांगायला लावायच्या, तिच्या लेकीच्या लहानपणच्या, आणि हसायच्या. पडणं कमी झालं, मग कधीतरी थांबलं. महिना केव्हा उलटला ते समितीलाही आठवलं नाही.

पोंगलच्या आधी त्या मैत्रिणीची आई माझ्याकडे आली. "डॉक्टरम्मा म्हणतात सोळा तरी होऊ द्या. व्याही ऐकायला तयार नाहीत. तुमचे मामा बोलतील का?"

मामा बोलले. व्याह्यांनी पाय आपटले, सोयरीक मोडायची भाषा केली, शेवटी थांबले. मुलगी आठवीपर्यंत शिकली. सासरी गेली तेव्हा घाबरलेली होती, हे ती स्वतः मला येऊन सांगून गेली. मला त्याचंच बरं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यानंतर मुलांच्या हायस्कुलाचे हेडमास्तर आमच्या शाळेत आले. मोठे विद्वान गृहस्थ. टोपी हातात फिरवत बसले होते. त्यांचा एक विद्यार्थी मॅट्रिकला नापास झाला आणि विष खाऊन बसला. वाचला, पण त्याच्या वर्गातले बाकीचे परीक्षेचं नाव काढलं की थरथरू लागत. "मुलगे रडत नाहीत, बाई," ते म्हणाले. "त्यामुळे कुठून सुरुवात करावी ते मला समजत नाही."

हेडमिस्ट्रेसनी माझ्याकडे पाहिलं. मी विचारलं, "त्या मुलाचे वडील येतील का बोलायला?"

"त्यांनी तर घरातून बाहेर पडणंच सोडलंय."

"मग आधी त्यांच्याकडे जाऊ," मी म्हणाले, आणि जटका बोलवायला सांगितलं.