मोरी कुणी बांधली?

एसटी सुटायच्या बेतात होती तेव्हा आबांनी खिडकीतून माझं मनगट धरलं. पोशीरहून नेरळ, तिथून मुंबई आणि मग विमानाने कॅनडा. ऑगस्टच्या उकाड्यात मी लोकरीचा कोट अंगावर चढवला होता, कारण तो पेटीत मावत नव्हता. माझ्या घामाकडे बघून आय रडायचं सोडून हसली. आबांची काळजी वेगळीच होती.

"तिकडं गेल्याव मी-मी करू नको रं," ते म्हणाले. "मी-मी करनारा मानूस एकटा पडतो."

मी त्यांचं ऐकलं आणि त्यापायी परत यायची पाळी आली.

टोरांटोत सिव्हिल इंजिनिअरिंगची मास्टर्स डिग्री मिळाली, पण नोकरी काही मिळेना. व्हिसाची मुदत दोन महिन्यांवर आली. चार मुलाखती झाल्या, चारही ठिकाणी गोड हसून नकार. एका जागी बसवत नसे. बर्फात उगाच मैलोन्‌मैल चालायचो. हात हलवत परत गेलो तर आबा काही बोलणार नाहीत, आणि तेच सोसवणार नाही, हे एकच डोक्यात.

शेवटी विद्यापीठातल्या एका बाईंनी वॉल्टर नावाच्या निवृत्त इंजिनिअरशी माझी गाठ घालून दिली. बाहेरून आलेल्या पोरांना नोकरीची वाट दाखवायची, हा त्यांचा फावल्या वेळचा उद्योग. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून त्यांनी माझी लुटुपुटूची मुलाखत घेतली. मी गावच्या ओढ्यावरच्या मोरीचं, म्हणजे छोट्या पुलाचं सांगितलं. दर पावसात पलीकडची वाट बंद पडायची. मी सरकारी नोकरीत असताना 'आम्ही' तिथे मोरी बांधली. वॉल्टरनी पेन्सिल खाली ठेवली. आम्ही म्हणजे किती जण? जमिनीची लेव्हल कुणी घेतली? मी. नकाशा? मी. पाण्याला वाट किती ठेवायची, ते कुणी ठरवलं? मीच, पण पाणी कुठवर चढतं ते गावच्या म्हाताऱ्यांनी दाखवलं, आबा सगळ्यांच्या पुढे.

"मग तसंच सांग," वॉल्टर म्हणाले. "मी त्यांना विचारलं आणि मी ठरवलं. लपतोस कशाला?"

आठवडाभर ते मला 'आम्ही' सोडून इंग्रजीतलं 'आय', म्हणजे 'मी', म्हणायला शिकवत होते. आमच्याकडे आय म्हणजे आई. तो शब्द स्वतःसाठी वापरताना कान तापायचे. पाचव्या मुलाखतीत न अडखळता म्हणालो. नोकरी मिळाली.

चार वर्षांनी गावी आलो तेव्हा बायकोला ओढ्यावर नेलं. मागून आबा काठी टेकत येत होते. "ही मोरी मी बांधली," सवयीने बोलून गेलो.

आबा कठड्यावर टेकले. "आनि आमी काय नुसतं बघत व्हतो रं?"

ते हसत होते. मला मात्र मान वर करवेना.

आबा गेले त्याला दोन पावसाळे झाले. आता मुलाखतीच्या तयारीला माझ्या टेबलाशी नवी पोरं येतात, 'वी', म्हणजे 'आम्ही', म्हणतात, आणि मी टोकतो. टोकावंच लागतं, नाहीतर त्यांना काम कोण देणार? गाववाल्यांनो, तुम्ही काही जण पोशीरला राहिलात, काही माझ्यासारखे निघालात. तुमचं घर कुठे आहे ठाऊक नाही. माझं त्या कठड्यावर होतं. तिथे 'मी' म्हटलं की मागून कुणीतरी विचारायचं.

आता दिवसभर 'मी' म्हणतो. कुणी विचारत नाही.