हात दिलेला बैल

आमच्या जोडीतला डावा बैल घाटात पळता पळता कोसळला. घाट म्हणजे बैलगाडा शर्यतीचा चढ. पुढचा पाय अंगाखाली आला आन् हाड कातड्याबाहेर निघालं. डॉक्टरनं सुई टोचली तवा त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. धोतरावरचं रक्त किती धुतलं तरी गेलं नाही.

उजवा बैल एकटा राहिला आणि गावची यात्रा तोंडावर आली. त्याला जोड हवा होता. पळणारा तर हवाच, पण मारका नको. कारण आमचा गाडा माझा पोरगा जुपतो. जुपणारा बैलांच्या शिंगांपुढं उभा राहतो. तिथं बैल फिरला तर माणूस उरत नाही.

बैल घ्यायला आम्ही निमोण्याहून भीमा ओलांडून दौंडच्या अंगाला बाजाराला जातो. तिथली रीत न्यारी. पिकअप मातीच्या उतरणीला मागच्या बाजूनं लागते, बैल खाली येतो, हेडी, म्हणजे बैलांचा व्यापारी, कासरा धरून समोरच्याच्या तोंडाकडं बघतो. तिथंच बोलायचं, ‘घेतला’ नाहीतर ‘नको’. मागं गिऱ्हाईक उभंच असतं. ‘नको’ म्हटलेल्या बैलाला परत हात लावायचा नाही. एकानं लावला होता. ज्यानं बैल घेतला होता त्यानं चाबकाचा दांडा त्याच्या तोंडावर घातला, दात मातीत पडले. पंचांनी सोडवलं, पण दांडा मारणाऱ्याला कुणी वाईट म्हटलं नाही. आणि ‘घेतला’ म्हणून हात दिलेला बैल परत द्यायचा नाही, ही त्याच रितीची दुसरी बाजू.

या रितीवर माझ्या बापाचा तोडगा होता. उतरणीशेजारी बाभळ आहे. तिच्या शेंड्यावर सूर्य येईपर्यंत नुसतं बघायचं. इंद्राचा ऐरावत उतरला तरी ‘नको’ म्हणायचं. त्यातला सगळ्यात चांगला डोळ्यात ठेवायचा. सूर्य शेंड्यावर आला की मग त्याच्याहून वरचढ जो पहिला उतरेल, त्याला हात द्यायचा, मागं बघायचं नाही. जन्मभर मी असंच केलं. शाळा मी दुसरीतच सोडली, पण माझ्या दावणीला नाव ठेवायची कुणाची छाती झाली नाही.

नात पुण्यात कॉम्प्युटर शिकते. तिला हे सांगितलं तर ती हसायची थांबेना. म्हणाली, आमच्या अभ्यासात हेच गणित आहे. नोकरीला माणसं एकेक येतात, घेतलं तर घेतलं, घालवलं तर परत बोलावता येत नाही. पहिले काही सोडायचे, मग त्यांच्याहून वरचढ मिळाला की धरायचा. मी मिशीवर हात फिरवला. ती पुढं म्हणाली, “पण आबा, येणारे कसेही, मिसळून आले तरच हं. कुणी मुद्दाम रांग लावली तर हा नियम तुम्हालाच खाईल.” मिशीवरचा हात काही मी काढला नाही.

जोड बघायला गेलो त्या दिवशी बाजारात सकाळपासून कचरा उतरत होता. एक लंगडा, एक खांदा फुटलेला, एकाच्या नुसत्या फासळ्या. मी ‘नको, नको’ म्हणत राहिलो. सूर्य शेंड्यावर आला आणि एक पांढरा बैल उतरला. येतानाच त्यानं पिकअपचं फाळकं लाथेनं वाकवलं. त्या मढ्यांपुढं तो राजा दिसला. मागून कुणीतरी म्हणालं, आबा, त्याचा डोळा बघा. मी म्हटलं, तुझा बाप रांगत होता तवापासून डोळेच बघतोय. आणि हात दिला.

घरी आणून जू खांद्यावर ठेवलं. पोरगा पुढं उभा होता. पांढऱ्यानं मान खाली घातली ती त्याच्या छातीतच घातली. पोराला उचलून गोठ्याच्या भिंतीवर आपटलं आणि खाली पडल्यावर गुडघे टेकून दाबलं. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला. वाळलेली तुराटी मोडावी तसा. मी पहार त्याच्या नाकाडावर घातली, पुन्हा घातली, तवा तो मागं सरला. शिरूरच्या दवाखान्यात पोरानं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, “आता जोड कुठला?”

मी हेड्याचं घर गाठलं. तो अंगणात दात घासत होता. गेल्या गेल्या काठी चालवली. ती मोडली तवा हातानं मारलं. त्याची बायको मधी पडली, तिलाही ढकललं. ओठ फाटून रक्त दाढीवर आलं तरी तो पळाला नाही.

“मारा आबा,” तो म्हणाला. “पर बैल तुम्हीच निवडला. बाभळीवर सूर्य येईस्तोवर तुम्ही काय घेत न्हाई, हे समद्या बाजाराला ठावं हाय. मी फकस्त गाड्यांचा नंबर लावला, आधी मढी, मंग पांढरा.”

माझा हात तिथंच थांबला. नात बोलली होती ते हेच. बापाचा नियम खोटा नव्हता. बाजार खोटा होता.

पुढच्या बाजाराला पोरगा छातीला पट्टा आवळून आला. नको म्हटलं तर ऐकेना, माझाच आहे तो. आम्ही उतरणीवर उभे राहिलो. ओठाला टाके घातलेला हेडीही होता. बाभळीवर सूर्य यायला अजून अवकाश होता. पहिलीच गाडी लागली आणि काळसर झाकेचा एक कोसा खिल्लार बैल उतरला. अंगावर माशी बसली तरी शेपूट हलवायचा, पाय नाही. पोरानं जवळ जाऊन त्याच्या कपाळाला हात लावला, तरी बैल तसाच उभा. माणसं माझ्याकडं बघून हसत होती. मी ‘नको’च म्हणणार हे धरून हेड्यानं तर तोंड मागच्या गिऱ्हाइकाकडं वळवलंही होतं.

पोरगा हळूच म्हणाला, “आबा, बोलायचं तुम्ही. जुपायचं मला.”

‘नको’ जिभेवर आलं होतं. जन्मभर तेच येत आलंय.

“घेतला,” मी म्हटलं.

हेडी गडबडला. कासरा त्यानं मागच्याच्या हातात सरकवला. मी नवी काठी त्या गिऱ्हाइकाच्या मनगटावर घातली. कासरा सुटला, माणूस मनगट धरून खाली बसला. पंच धावले. मी सांगितलं, बोल झालाय, आता बैल माझा. पंचांनी होकाराची मान डोलावली.

यात्रेला पोरानं पट्टा बांधूनच जोडी जुपली. कोसा त्याच्या छातीपुढं उभा राहिला, हलला नाही.

पांढरा अजून दावणीलाच आहे. पोरगा म्हणतो, काढा त्याला, करा परत. मी काढत नाही, हात दिलाय. दिवसभर तो खुंटाला धडका देतो. त्याला चारा मीच टाकतो. एका हातात पेंढी असते, दुसऱ्यात पहार.